भरलेली दाढ

आपल्याला दात आहेत ही गोष्ट माणसाच्या लक्षात आयुष्यात दोनदाच येते. एकदा सहाव्या-सातव्या वर्षी पुढचा दात हलू लागतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा चाळिशी उलटल्यावर एखादी दाढ ठणकू लागते तेव्हा. मधली तीस-पस्तीस वर्षे दात बिचारे घरातल्या जुन्या गड्यासारखे राबत असतात. सकाळी ब्रशाने त्यांची दोन मिनिटे विचारपूस करायची आणि दिवसभर त्यांना कामाला जुंपायचे, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. मग एके दिवशी गडी अचानक संप पुकारतो आणि आपली धावपळ उडते.

मी मराठीचा प्राध्यापक. दातांचे वाक्प्रचार शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपला माणूस रागावला की दातओठ खातो, गयावया करताना दाताच्या कण्या करतो, घाबरला की त्याची दातखीळ बसते, आणि शेजाऱ्याशी बिनसले की त्याच्यावर दात धरतो. दुसऱ्याचे दात पाडण्याची, काढण्याची, इतकेच काय, त्याचेच दात त्याच्याच घशात घालण्याचीही सोय मराठीत आहे. मात्र किडलेला दात वेळेवर दुरुस्त करून घेण्याला मराठीत एकही वाक्प्रचार नाही. वर्गात हे कधी माझ्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आले गेल्या दिवाळीत, म्हसवडला, तोंड उघडे टाकून खुर्चीवर आडवा पडलो होतो तेव्हा.

म्हसवड हे माझे गाव. साताऱ्याहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर गोंदवले मागे टाकले की पुढे माणगंगेच्या काठी ते लागते. सातारा जिल्ह्यातला हा माण तालुका. पलीकडे सांगलीची आटपाडी. माडगूळकर बंधूंनी सगळ्या महाराष्ट्राला ओळखीचा करून दिलेला हा माणदेश. पाऊस येथे पाहुण्यासारखा येतो आणि चहा घ्यायच्या आतच निघतो. पण आमच्या सिद्धनाथाचा थाट काही औरच. दिवाळी-पाडव्यापासून देवाच्या लग्नाची गडबड सुरू होते, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचे लग्न लागते आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी वरातीचा रथ निघतो. त्यामुळे पुण्यात बिऱ्हाड केले तरी दिवाळीला गावी जायचे, हा आमचा नेम आहे.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले, अंगठ्याने कारीट फोडले आणि आईने फराळाचे ताट पुढे ठेवले. मी बुंदीच्या लाडवाचा घास तोंडात घेतला मात्र, आणि उजव्या बाजूला खालच्या जबड्यात कोणी तरी सुई टोचावी तशी कळ उठली. पाणी प्यालो तर ती दुप्पट झाली. मी गालावर हात ठेवून गप्प बसलो. पण आईच्या नजरेतून काय सुटते?

"काय रं, दाढ धरली व्हय?" तिने विचारले.

मी मान हलवण्याआधीच सौभाग्यवतींनी उत्तर दिले, "आई, सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांना तो काळा ठिपका दाखवला होता. डॉक्टरकडे चला म्हणून माझ्या दाताच्या कण्या झाल्या!"

आरोप खरा होता. प्रथम पेपर तपासायचे होते म्हणून राहिले, मग प्रवेशाची गडबड होती, मग गणपती आले. शिवाय दाढ दुखत नव्हती. आणि दुखत नसलेल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत आणणे, असे माझे तत्त्वज्ञान होते. या तत्त्वज्ञानाचे खरे नाव भीती असे आहे. ते मी घरात कधी उच्चारले नव्हते इतकेच.

त्या भीतीला एक जुनी आठवण चिकटलेली होती. मी सात-आठ वर्षांचा असताना माझा एक दुधाचा दात किडला होता. आजीने मला बाजाराच्या दिवशी पाराखाली बसणाऱ्या एका बाईकडे नेले. त्या बाईने निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, वर मडके उपडे घातले आणि एका नळीने तो धूर माझ्या तोंडात सोडला. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. थोड्या वेळाने तिने पाण्याच्या पितळीत बोट फिरवून दाखवले. त्यात पांढरे बारीक किडे पडले होते! ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दाताला कीड लागते म्हणजे आत खरोखरच अळ्या वळवळतात, याविषयी त्या दिवसापासून माझ्या मनात शंका उरली नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर जिभेने मी त्या अळ्यांची चाहूल घेत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात निघालो. आईने लवंग दिली होती, तिने रात्र कशीबशी निभावली होती. आईही सोबत निघाली. पंचेचाळिशीच्या प्राध्यापकाला दात दाखवायला आई घेऊन चालली आहे, हे दृश्य पाहून माझ्या लेकीला हसू आवरेना.

दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या आळीत, एका माडीवर. डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरच्या, कराडला शिकून आपल्या गावी परतलेल्या. दिवाळी असूनही त्यांनी सकाळचे दोन तास दार उघडे ठेवले होते. "दिवाळीत आमचा हंगाम असतो, सर," त्या म्हणाल्या, "चिरोटे आणि चिक्की आमच्यासाठीच करतात!"

त्यांनी आरसा तोंडात घालून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गार पाणी लागल्यावर कळ किती वेळ राहते?"

"दहा-बारा सेकंद."

"रात्री आपोआप ठणकून जाग येते का?"

"नाही."

"मग तुमचे नशीब चांगले आहे. आतली शीर अजून सुजलेली दिसत नाही. कळ पाच-दहा मिनिटे रेंगाळली असती, झोपेतून उठवू लागली असती, तर नुसते भरून भागले नसते. मुळापर्यंत जावे लागले असते." मग त्यांनी एक छोटासा एक्स-रे काढून मला काळी सावली दाखवली. बाहेरून जो ठिपका राईएवढा दिसत होता, तो आत वाटाण्याएवढा पसरला होता.

मी त्यांना रिंगणीच्या धुराची गोष्ट सांगितली. त्या मनमोकळ्या हसल्या. "ते किडे म्हणजे त्या बियांतलेच पांढरे कोंब, सर. उष्णतेने बी फुटते आणि कोंब बाहेर पडतो." माझी अडतीस वर्षांची श्रद्धा एका वाक्यात निकालात निघाली. पुढे पुण्याला आल्यावर मी थोडे वाचन केले, तेव्हा कळले की या भोळेपणात आपण एकटे नाही. बाबिलोनपासून युरोपपर्यंत हजारो वर्षे जगाने दातातल्या किड्यावर विश्वास ठेवला. १७२८ साली पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही मला कुठे किडा आढळला नाही. खरा उलगडा व्हायला १८९० साल उजाडावे लागले. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले, की तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला विरघळवते. म्हणजे कीड आहे. पण ती अळीची नव्हे, आंबटाची. आपली भाषा मात्र अजून 'दात किडला' असेच म्हणते. भाषा ही फार हळू सुधारणारी बाई आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून एवढेच बोलतो.

"ही तुमची सहा नंबरची दाढ," बाई म्हणाल्या. "साधारण सहाव्या वर्षी येते. दुधाची समजून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पण ती कायमची असते. हिचे वरचे कवच तयार व्हायला जन्माच्या सुमारासच सुरुवात होते. शरीरात त्याहून कठीण दुसरे काही नाही. पण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना संपून जातात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. दाताला एकदा खड्डा पडला की तो आपला आपण भरत नाही. कुणी तरी भरावा लागतो."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. जी दाढ पहिलीच्या वर्गात माझ्याबरोबर बसली होती, जिने माझ्याबरोबर बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, कॉलेजच्या मेसमधली चामड्यासारखी पोळी असे सारे पचवले होते, तिच्यासाठी मला सहा महिन्यांत एक तास सापडला नव्हता.

मग सुई आली. सुईच्या भीतीने मी डोळे मिटून घेतले होते, पण टोचल्याचे जेमतेम कळले. हिरडी, ओठ आणि अर्धी जीभ बधिर होऊन कोणा परक्याची असल्यासारखी झाली. या लिग्नोकेनचा शोध १९४३ साली स्वीडनमध्ये लागला. त्याचा शोध लावणाऱ्या नील्स लोफग्रेनचा पुतळा खरे म्हणजे गावोगाव उभारायला हवा. बलुचिस्तानात मेहरगड येथे उत्खननात गारगोटीच्या टोकाने भोके पाडलेल्या अकरा दाढा सापडल्या आहेत. त्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. त्या माणसांनी ते जिवंतपणी, सुईशिवाय सोसले. त्यांच्यापुढे मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो, हे सांगायला लाज वाटते.

यंत्र सुरू झाले. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारी ती टिकली एवढीशी, पण तिचा आवाज थेट मेंदूत घुसतो. पाण्याचा फवारा, लाळ ओढणारी नळी, तोंडात कापसाचे बोळे, आणि अशा वेळी बाई विचारतात, "सर, हल्ली मराठी घेणारी मुलं कमी झाली का हो?" या विषयावर मी पाऊण तास बोलू शकतो. पण त्या दिवशी "आँ" यापलीकडे मला काहीही सांगता आले नाही. आयुष्यात प्रथमच मी प्रश्नाला एका अक्षरात उत्तर दिले. माझ्या विद्यार्थ्यांनी हे पाहायला हवे होते.

किडलेला मऊ भाग खरवडून झाल्यावर खड्ड्यात निळसर आम्ल लावून धुतले, मग चिकटवण्याचे द्रव्य, मग दाताच्याच रंगाचे मऊ भरण, दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरायचा की तो वीसेक सेकंदांत दगडासारखा घट्ट. पूर्वी चांदीचे भरण असे; चांदी, कथिल, तांबे आणि जवळजवळ निम्मा पारा. आमच्या भागातली शेकडो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्यासाठी, देशभर पांगली आहेत. कोइमतुरला गलाई करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या तीन दाढांत चांदी आहे. "मी गेल्यावर पोरांनी गाळून घ्यावी," असे तो म्हणतो. आता पाऱ्यामुळे पर्यावरणाला धोका म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर हे भरण मागे पडत चालले आहे. गाळायला काही उरणार नाही, याची मित्राला खंत आहे.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन बाईंनी उंचवटे घासले, आणि "झालं, सर!" म्हणाल्या. पाऊण तास. माझ्या सहा महिन्यांच्या भीतीची एकूण लांबी पाऊण तास निघाली.

बाहेर बाकावर आई बसली होती. "किती झालं?" तिने विचारले.

"हजार."

आई काही बोलली नाही. आम्ही जिना उतरलो, सिद्धनाथाच्या देवळाकडे वळलो. तिथे ओट्यावर टेकल्यावर ती सहज म्हणाली, "मला तवा डाक्टरनं दोनशे सांगितलं हुतं. भरायला दोनशे, काढायला तीस."

"कधी?"

"तू कोल्हापूरला एम्. ए.ला हुतास की तवा. पाऊस न्हवता त्या सालात."

मला ते साल आठवले. २००३. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते. लागोपाठच्या अवर्षणाने माण नदीत नुसती वाळू होती. आई एका म्हशीवर आणि दुसऱ्यांच्या शिवणावर घर चालवीत होती, आणि मला दर महिन्याला मनिऑर्डर येत होती.

"मग?" मी विचारले.

"मग काय? काढ म्हनलं. दोनशेत तुझ्या खानावळीचं धा दिस निघत हुतं. एक काढली, मग तिच्या शेजारची हालाय लागली. दोन वर्सात चार गेल्या." आणि ती हसली. "मिशरी लावायची म्हून गेल्या, आसं समदी म्हनत्यात. म्हनू द्यात."

मीही तसेच म्हणत आलो होतो. आई मिश्री लावते, आईला दातांची निगा ठाऊक नाही, जुन्या बायकांचे असेच असते, असे मी बायकोला अनेकदा सांगितले आहे. मिश्रीने हिरड्या खराब होतात हे खरेच. तंबाखू ती, तिचे गुण कोण गाणार? पण आईला दात भरता येतो हे ठाऊक नव्हते, हे खरे नाही. तिला ते ठाऊक होते. डॉक्टरने तिच्यापुढे दोन आकडे ठेवले होते आणि तिने हिशेब केला होता. तो अडाणीपणा नव्हता. ती वजाबाकी होती. माझ्या एम्. ए.च्या दोन वर्षांत आईच्या चार दाढा खर्ची पडल्या होत्या.

त्या दोन वर्षांत मी सुटीत घरी येत नव्हतो असे नाही. येत होतो. आईसमोर बसून जेवत होतो. ग्रामीण साहित्यातील स्त्रीचित्रण या विषयावर त्याच वेळी मी टिपणे काढत होतो. समोरची बाई एका बाजूने जेवते आहे, भाकरी दुधात कुस्करून खाते आहे, हे मात्र मला दिसले नव्हते.

पुढे मला नोकरी लागल्यावर मी तिला हौसेने कवळी करून दिली. ती कवळी तिने लग्नाकार्याला आणि रथाच्या दिवशी तेवढी वापरली. एरवी ती बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात पाण्यात बुडालेली असते. नव्या पद्धतीच्या वस्तूंची तिला सवय नाही, अशी आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. त्या दिवशी ओट्यावर मी प्रथमच विचारले, "आई, तू कवळी का लावत नाहीस?"

"सैल झालीया. घास घेतला की उचलती," ती म्हणाली.

आम्ही पुन्हा जिना चढून गेलो. बाईंनी तपासून सांगितले, की दात गेले की जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, त्यामुळे जुनी कवळी सैल होणारच. वीस वर्षांची कवळी कुणालाही बसणार नाही. नवीन करून घ्यावी लागेल, चार-पाच खेपा होतील, रथाच्या आधी मिळेल. मी खिशात हात घातला. आईने माझे मनगट धरले.

"माझ्या बँकेत हायेत पैसे," ती म्हणाली. म्हसवडला १९९७ साली बायकांनी बायकांसाठी काढलेली माणदेशी महिला बँक आहे. तिथे आईचे खाते आहे आणि त्या पासबुकाला हात लावण्याची घरात कोणाची प्राज्ञा नाही. मी आग्रह धरला. बाई आमच्या दोघांकडे पाहत होत्या. अखेर तोडगा असा निघाला, की निम्मे तिने द्यायचे आणि निम्मे मी. निम्मे तरी मला देऊ दिले, याचे मला बरे वाटले. चार दाढांचे देणे त्यात फिटणारे नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

मार्गशीर्षात मी रजा टाकून रथाला गेलो. गर्दी ओसरल्यावर आई घरी आली, ओसरीवर बसली आणि नातीच्या पुडीतून मूठभर फुटाणे घेऊन एकेक तोंडात टाकू लागली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी किती तरी वेळा फळ्यावर लिहिली आहे. आता वर्गात ती आली की आवाज न करता, सावकाश, दोन्ही बाजूंनी फुटाणे चावणारी आई डोळ्यांपुढे उभी राहते, आणि माझी जीभ आपोआप उजव्या बाजूच्या भरलेल्या दाढेकडे जाते. तिथे आता खड्डा लागत नाही.